दानशूरांचा लाल पारा

"चढला! चढला! अजून चढतोय!"

गोठलेल्या तळ्यावर दोन-अडीचशे माणसं माना वर करून उभी होती. फेब्रुवारीतला रविवार, उणे पंधराची थंडी, श्वास सोडला की मिशीवर बर्फ धरत होतं. पण थंडीकडे लक्ष होतं कुणाचं! समोर रंगवलेल्या फळीवर पुरुषभर उंचीची काचेची नळी होती आणि नळीतून लालभडक पारा सरसर वर निघाला होता.

देणगी मोजणाऱ्या अशा तापमापकाच्या फळ्या स्कोगन गावाने आजवर चिक्कार पाहिल्या होत्या. पैसे जमतील तसा कुणीतरी शिडीवर चढायचं आणि लाल रंग फासायचा. ब्रदर लूमिस या फिरत्या धर्मोपदेशकाच्या फळीला मात्र रंगारी लागत नव्हता. नळीच्या तळाशी पातळ मखमलीत गुंडाळलेला पितळी गोळा होता. हातमोजे काढून त्यावर दोन्ही तळवे ठेवायचे, डोळे मिटायचे, की पारा आपला आपण चढायचा. मनापासून दिलं असेल त्याचाच चढायचा, हे ओघानं आलंच.

"देवाला चेकवरचा आकडा दिसत नाही, बंधूंनो! त्याला तळवा दिसतो!" लूमिस व्यासपीठावरून गरजत होता. अंगात पांढरा कोट, आवाजात दक्षिणेकडचा गोडवा. "पारा चढला म्हणजे दान पोचलं. दान पोचलं म्हणजे दुखणं गेलं! मग घरी त्या औषधांच्या बाटल्या कशाला पोसताय? हे पिंप कशासाठी ठेवलंय? टाका आणि मोकळे व्हा!"

लोक टाकत होते. रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाच्या गोळ्या, कुणाचं कसलं पातळ औषध. तीन दिवसांत पिंप अर्धं भरलं होतं.

हे सगळं अर्डिस क्वाले पिंजऱ्यातून बघत होती.

पिंजरा खराखुरा होता, शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाने केलेला, जाड लाकडी गजांचा. तुरुंगाचा खेळ स्कोगनला जुना. गावातल्या वजनदार माणसाला काहीतरी हास्यास्पद आरोप ठेवून कोंडायचं आणि त्याच्या चाहत्यांनी जामिनाची रक्कम जमवली की सोडायचं. जमलेलं सगळं रुग्णवाहिकेच्या फंडात. सकाळी पाद्रीसाहेब वीस मिनिटांत सुटले, बँकेचे मॅनेजर अर्ध्या तासात. अर्डिसला आत जाऊन चार तास झाले होते. तिने एकतीस वर्षं गावाला पदार्थविज्ञान शिकवलं होतं आणि निम्म्या गावाला कधी ना कधी नापास केलं होतं. तिला सोडवायची घाई कुणाला असणार?

आरोप होता, 'समितीच्या बैठकीत हात वर न करणे'. लूमिसला बोलवायचं ठरलं तेव्हा बारा हात वर गेले होते आणि एक मांडीवर राहिला होता. स्कोगनमध्ये तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे मांडीवरचा तो हात अजून चर्चेत होता. अध्यक्ष मर्ल ऑनस्टाडने, म्हणजे गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराने, हसत हसत तिला आत ढकललं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

मर्लचंही अगदीच चुकत नव्हतं. जुनी रुग्णवाहिका चढावर बंद पडायची. घरच्या केकची विक्री झाली, पॅनकेकच्या न्याहाऱ्या झाल्या, मांसाची सोडत झाली. जुनी मोटार तळ्यावर उभी करून ती कोणत्या दिवशी बुडेल यावर पैजासुद्धा लावून झाल्या. पैसे यायचे ते चिमण्यांच्या चोचीने. आणि हा लूमिस एका आठवड्यात तीन वर्षांचं काम करून देतो म्हणाला, निम्म्या वाट्यावर. माणूस बुडायला लागला की काडीलाही साग समजतो.

अर्डिसला यातल्या कशाचं फार वाटलं नसतं. तिला काळजी होती हार्लनची.

हार्लन तिचा नवरा. विसाव्या वर्षापासून मधुमेह, चव्वेचाळीस वर्षं रोज सुई. शुक्रवारी त्याने गोळ्यावर हात ठेवला आणि पारा सगळ्यांच्या वर गेला. लूमिसने तिथे खडूची रेघ मारून त्याचं नाव लिहिलं, गावाने टाळ्या वाजवल्या. शनिवारी सकाळपासून हार्लनने इन्सुलिन घेतलं नव्हतं. ती भांडली, रडली, डॉक्टरांना फोन लावून रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला. तो म्हणाला, "एकदा मला बरं होऊ दे ना, अर्डिस."  आज कार्यक्रम संपल्याची घंटा झाली की तो आपली बाटली सगळ्यांसमोर पिंपात टाकणार होता, तसं जाहीरच झालं होतं.

आत्ता तो पुढच्या बाकावर बसला होता. एका तासात त्याने पाण्याचे सहा ग्लास रिकामे केलेले तिने मोजले होते. मघाशी पिंजऱ्यापाशी आला तेव्हा त्याच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता. त्या वासाचा अर्थ तिला ठाऊक होता.

"डुएन, कुलूप काढ," ती दाराशी उभ्या असलेल्या शेरीफच्या शिपायाला म्हणाली. "हार्लनची तब्येत बिघडतेय. खरंच सांगते."

डुएन हसला. "बाई, पाद्रीसाहेब म्हणाले चर्चची शेगडी पेटती राहिलीय. मॅनेजर म्हणाले बायकोला कळा सुरू झाल्यात. बायको साठीची आहे त्यांची!"

"मी थट्टा करत नाहीये."

"तेही असंच म्हणत होते. आणि किल्ली मर्लकडे आहे. शिवाय तुम्ही मला दोनदा नापास केलंत, बाई."

"दोन्ही वेळा पेपर तूच लिहिला होतास, डुएन."

तिने मर्लला हाक मारली. त्याने लांबूनच हात हलवला आणि ओरडला, "अजून एक तास काढ, अर्डिस! रुग्णवाहिकेसाठी!" लोक हसले. ती गज धरून किंचाळली असती तरी लोक हसलेच असते. खेळच तसा होता. खोट्या तुरुंगातून सुटायला खरं कारण चालत नव्हतं.  दुसरं काहीच करता येत नव्हतं म्हणून ती बघत राहिली.

पिंजरा व्यासपीठाच्या बाजूला होता, त्यामुळे गर्दीला न दिसणारी मागची बाजू तिला दिसत होती. तिथे दोन रांगा होत्या. ज्यांनी पाकीट दिलं होतं ते 'कृतज्ञतेच्या तंबूत' जायचे. तंबूचं दार पिंजऱ्याच्या बाजूलाच उघडत होतं. आत शेगडी होती, आणि लूमिसची मदतनीस, निळ्या टोपीची एक गोड बोलणारी बाई, प्रत्येकाच्या हातात वाफाळत्या कॉफीचा कप द्यायची. कप संपला की माणूस थेट गोळ्यापाशी. ज्यांनी काही दिलं नव्हतं त्यांची रांग उघड्यावर, वाऱ्यात. 'नम्रतेने' हातमोजे आधीच काढून उभं राहायचं. त्यांचा पारा बोटभर हलायचा, लूमिस दुःखी चेहरा करायचा आणि त्यातले बरेचसे खिसे चाचपत तंबूकडे वळायचे.

तिला संशय आला, पण पुरावा कुठे होता? एवढ्यात तंबूत इंगा ब्रेक्के शिरली.

इंगा अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा. तिने चार हिवाळे बसून शिवलेली गोधडी लिलावाला दिली होती. शेवटचा टाका घातला तेव्हा अर्डिस तिच्या स्वयंपाकघरातच होती. त्या गोधडीपलीकडे इंगाकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

"कॉफी घ्या ना," निळी टोपी म्हणाली.

"नको, नको," इंगा म्हणाली.

आणि निळ्या टोपीने कप परत ठेवला!

स्कोगनमध्ये कुणीही असं केलं नसतं. इथे पहिलं 'नको' म्हणजे रामराम, दुसरं 'नको' म्हणजे शिष्टाचार आणि तिसऱ्यांदा कप हातात कोंबायचा असतो. पहिल्या आग्रहाला कॉफी घेणारा माणूस हावरट. बाकीचे सगळे आले तेव्हा तंबूत गर्दी होती, कुणीतरी ओळखीचं शेजारी होतं, त्यांनी एकमेकांना आग्रह केला. इंगा एकटी होती. ती शेगडीपाशीही गेली नाही, उगाच कुणाच्या मध्ये नको म्हणून दाराशीच उभी राहिली, उघड्या हातांनी, वाऱ्यात.

तिने गोळ्यावर हात ठेवले. पारा बोटभर हलला आणि थांबला.

 लूमिस खाली वाकला आणि आवाजात मध कालवून म्हणाला, "माई, काहीतरी राखून ठेवलंत ना? मन आखडलं की पारा आखडतो."

इंगाचा चेहरा पांढरा पडला. ती आपल्या हाताकडे बघत राहिली आणि मग लग्नातली अंगठी ओढायला लागली. अंगठी सुजलेल्या सांध्यावर अडकली होती. ती ओढतच राहिली. दोनशे माणसं बघत होती.

अर्डिसला इतका राग आला की थंडी पळाली. पण त्या रागातच तिला लख्ख दिसलं. गावात सगळ्यात मनापासून देणाऱ्या बाईचा पारा चढला नव्हता. तिच्याकडे कमी होती ती फक्त कॉफीची.

"डुएन, माझी पाळी अजून बाकी आहे. मायक्रोफोन दे."

प्रत्येक कैद्याला जामिनाची भीक मागायला एकदा मायक्रोफोन मिळे. डुएनने तो गजांतून आत दिला.

"मी अर्डिस क्वाले," तिचा आवाज तळ्यावर घुमला. "मला जामीन नको. एक कप कॉफी हवीय, इंगासाठी. इंगा, अंगठी राहू दे. कॉफी घे."

"नको गं," इंगा पुटपुटली.

"घे ना."

"कशाला उगाच त्रास."

"इंगा, घे म्हणते ना!"

"बरं. अर्धाच कप."

गर्दीत खसखस पिकली. हे त्यांना घरचं वाटलं. कुणीतरी पळत जाऊन कप भरून आणला, पुरता काठोकाठ. "दोन्ही हातांनी धर," अर्डिस म्हणाली, "आणि सावकाश पी. आम्ही थांबतो." मर्ल अस्वस्थपणे चुळबुळत होता, पण एका म्हातारीला कॉफी पिऊ नको असं चारचौघांत कसं म्हणणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती.

कप रिकामा झाला. "आता परत ठेव हात."

पारा सरसर चढला, छातीच्या वर गेला.

अर्डिसला वाटलं, झालं, जिंकलं. पण लूमिस काय कच्च्या गुरूचा चेला होता? त्याने दोन्ही हात आकाशाकडे फेकले. "पाहा! माईचं मन मोकळं झालं! डोळ्यांतलं पाणी देवाने पाहिलं!" आणि गर्दीने असा जयजयकार केला की मायक्रोफोनमधून अर्डिस काय बोलली ते कुणाला ऐकूच गेलं नाही. इंगासुद्धा रडत रडत हसायला लागली. अर्डिसने डोकं गजावर टेकवलं. पुरावा दिला तो त्याच्याच पदरात पडला होता. तिकडे हार्लन सातवा ग्लास पिऊन बाकावर ओणवा झाला होता.

गोळ्यावर माणसाचा हात ठेवला की मन आलं आणि मन आलं की लूमिसची जीभ आली. मग मन नसलेलं काय आहे इथे?

"डुएन," ती हळूच म्हणाली, "त्या गाड्यावरचा भाजलेला बटाटा आण. भट्टीतून नुकताच काढलेला, मोठ्यातला मोठा."

"बाई, भूक लागली का?"

"मला नाही. त्या गोळ्यावर ठेव. एवढं केलंस तर तुझे दोन्ही पेपर मी पास केले."

 तिने बोट दाखवलं तिकडे, हार्लनकडे, डुएनने बघितलं. त्याचं हसू मावळलं. तो गेला आणि फडक्यात गुंडाळलेला बटाटा घेऊन थेट व्यासपीठावर चढला.

लूमिस आडवा आला. "बाळा, हे पवित्र साधन आहे. इथे फक्त दात्याचा हात लागतो."

"पवित्र आहे ना?" डुएन म्हणाला. "मग बटाट्याला कशाला घाबरतंय?"

लोक हसले. लूमिसला त्याला ढकलता येईना, अंगावर गणवेश होता. डुएनने बटाटा मखमलीवर दाबून धरला.

पारा हलला. इंगाच्या खुणेच्या वर गेला. पाद्रीसाहेबांच्या वर गेला. खडूने 'हार्लन क्वाले' लिहिलेल्या रेघेला लागला, तिच्याही वर गेला आणि नळीच्या टोकाशी बुडबुडे फोडायला लागला.

मागच्या रांगेतली माणसं टाचा उंचावून बघायला लागली.

"डुएन, त्या बटाट्याने किती देणगी दिली?" अर्डिसने मायक्रोफोनमधून विचारलं.

"काही नाही, बाई. उलट त्याचेच पन्नास सेंट मला द्यायचेत."

"त्याचं मन कसं आहे?"

"सालीसकट आहे."

"आता त्याच गोळ्यावर मूठभर बर्फ चोळ."

बर्फ लागताच पारा खाली आला, धावतच. आता हसू एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि पसरत गेलं. लूमिस काहीतरी सैतानाबद्दल सांगू लागला, पण सैतान बटाट्यात कसा शिरला हे त्यालाही नीट जुळवता येईना.

"त्यात पारा नाहीये," अर्डिस वर्गात सांगायची तसं सांगू लागली. "लाल रंगाचा एक द्रव आहे, जरा ऊब लागली की वाफ होणारा. गोळ्यात वाफ झाली की ती द्रवाला नळीत वर ढकलते. ज्यांनी पाकीट दिलं त्यांना शेगडी आणि गरम कप. ज्यांनी नाही दिलं त्यांना वारा. इंगाला पहिल्या 'नको'ला सोडून दिलं, म्हणून तिचे हात गार राहिले. तुम्ही सगळे आयुष्यभर या थंडीत राहिलात. गरम कपाने हात गरम होतात हे मी तुम्हाला शिकवायचं?"

मर्ल पिंजऱ्यापाशी धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, उणे पंधरात. "अर्डिस, झाकली मूठ सव्वा लाखाची गं! आता रुग्णवाहिका कुठून आणू?"

"मर्ल, त्या पिंपात तुझ्या बहिणीच्या हृदयाच्या गोळ्या आहेत. तिच्यासाठीच रुग्णवाहिका आणणार होतास ना?"

मर्लने किल्ली काढली.

ती हार्लनपाशी पोचली तेव्हा तो बाकावरून उठायचा प्रयत्न करत होता. त्याला ओकारी आली, बर्फावरच झाली. डुएनने त्याला एका बाजूने धरलं. "माझ्या रेघेच्या वर गेला," हार्लन म्हणाला. जीभ जड झाली होती. "बटाटा."

"हो."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून बाटली आणि सुई काढली, छातीशी धरून उबेत ठेवलेली. मग असं केलं जे स्कोगनमध्ये कुणी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या गावासमोर सदरा वर केला, त्या थंडीत उघड्या पोटात सुई टोचली आणि मायक्रोफोनसाठी हात पुढे केला.

"मी फसलो," तो म्हणाला. "शुक्रवारी मीही दोन कप कॉफी प्यायलो होतो. तुमच्यात आणखी कुणी फसलं असेल तर लाजू नका. तुमच्या गोळ्या परत घ्या. जिवापेक्षा लाज मोठी नाही."

 मग मर्लची बहीण पिंपाशी गेली, वाकली, चष्मा सावरून लेबलं वाचायला लागली. तिच्या मागे रांग लागली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, पण रांग लांब होती. "ही तुझी का, स्वेरे?" "नाही, माझी पिवळी आहे." एवढंच बोलणं ऐकू येत होतं.

लूमिस आणि निळी टोपी मोटारीकडे निघाली होती. डुएनने त्यांना थांबवलं, पाकिटांचं खोकं उतरवून घेतलं आणि फळी इथेच राहील असं सांगितलं. मग त्या वाह्यात पोराने पाटी लावली: 'पारा चढवून दाखवा, एका प्रयोगाला एक डॉलर'. लोकांनी गरम सॉसेज ठेवलं, बूट ठेवला, एका रडणाऱ्या बाळाचे तळवे ठेवले, नुकताच पकडलेला मासा ठेवून पारा खाली आणला. रुग्णवाहिकेसाठी चांगला गल्ला जमला, आणि तोही कुणाला निम्मा वाटा न देता.

त्या वेळी अर्डिस जुन्या रुग्णवाहिकेत बसली होती. चढ आला तशी गाडी कण्हली, पण चढली. हार्लन स्ट्रेचरवर पडला होता. हाताला सलाइन होतं, श्वासाला तोच वास, थोडा कमी झालेला.

"तुला वाटत असेल, मी वेडा आहे," तो म्हणाला.

"नाही. चव्वेचाळीस वर्षं रोज सुई टोचून घेणारा माणूस दमतो. दमलेल्या माणसाला कुणी 'बरा झालास' म्हटलं की त्याला ते ऐकायचंच असतं. तुझं काही चुकलं नाही. तुझ्या दमण्याचा त्याने धंदा केला."

हार्लनने मान तिच्याकडे वळवली. "आणि परत असा कुणी आला तर? मला तर तो खराच वाटणार."

"वाटू दे. फक्त त्याला विचार, हे कसं होतं ते मला उघडून दाखवता का? खरं असेल तर तो दाखवेल. डॉक्टर दाखवतात, मेकॅनिक दाखवतो, मी एकतीस वर्षं पोरांना दाखवत आले."

"आणि तो चिडला तर?"

अर्डिसने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तर तुला उत्तर मिळालं," ती म्हणाली. "मग घरी ये आणि औषध घे."